शस्त्रक्रियेचा खर्च आधी कसा विचारावा: प्रथमच रुग्णालयाची पायरी चढणाऱ्या कुटुंबांसाठी

डॉक्टरांनी ‘ऑपरेशन करावे लागेल’ असे सांगितल्यावर घाबरलेले नातेवाईक केबिनमधून बाहेर पडता पडता विचारतात, ‘साधारण खर्च किती येईल?’ उत्तरही तसेच ओझरते मिळते, ‘दीड-दोन लाख धरून चला.’ पुढे बिल तीन लाखांच्या घरात गेले की कुटुंबाला फसवणूक झाल्यासारखे वाटते आणि रुग्णालयाला आपण काहीच लपवले नाही असे वाटते. अनेकदा दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असते, कारण खासगी रुग्णालयात एका शस्त्रक्रियेला एकच किंमत नसते. खोलीचा वर्ग, मुक्कामाचे दिवस, शरीरात बसवायचे साहित्य, औषधे आणि पैसे कोण भरणार आहे, या साऱ्यांवरून ती ठरते. यांतल्या बहुतेक गोष्टी भरती होण्याआधी आपल्या हातात असतात. भरती झाल्यावर त्या एकेक करून हातातून निसटतात. म्हणून पुढील पायऱ्यांचा मोठा भाग भरतीपूर्वीच्या आठवड्याविषयी आहे. हा लेख महाराष्ट्रातील खासगी किंवा धर्मादाय रुग्णालयात ठरवून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी लिहिला आहे. तातडीच्या प्रसंगाविषयी शेवटाकडे थोडे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

पहिली पायरी: पैसे कोण भरणार, हे रुग्णालय निवडण्याआधी पाहा

आपल्याकडे क्रम उलटा असतो. ओळखीच्या माणसाने सुचवलेले रुग्णालय आधी ठरते आणि तेथे योजना चालते का, विमा चालतो का, याची चौकशी भरतीच्या दिवशी होते. एकदा रोखीचा रुग्ण म्हणून नोंद होऊन पैसे भरले गेले की ते योजनेतून परत मिळणे जवळजवळ अशक्य असते, त्यामुळे ही चौकशी सर्वांत आधी करावी.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पिवळे आणि केशरी शिधापत्रिकाधारक हेच तिचे लाभार्थी, अशी समजूत अजूनही अनेकांच्या मनात आहे. प्रत्यक्षात जुलै २०२४ पासून ती पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांसह राज्यातील सर्व रहिवासी कुटुंबांना खुली झाली असून आयुष्मान भारत योजनेशी जोडून दरवर्षी प्रतिकुटुंब पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. घरातील व्यक्तीने सत्तरी ओलांडली असेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची कोणतीही अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे आणि योजनेतील प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा, कक्ष असतो. त्या कक्षात तीन प्रश्न नेमकेपणाने विचारावेत: हे रुग्णालय आमच्या आजाराच्या विभागासाठी योजनेत आहे का, आमची शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत कोणत्या नावाने आहे, आणि ती केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखीव तर नाही ना. हृदयविकारासाठी योजनेत असलेले रुग्णालय अस्थिरोगासाठीही असेलच असे नाही, आणि दारावरचा फलक पाहून आत गेलेल्या कुटुंबांची निराशा बहुधा येथेच होते. शस्त्रक्रिया योजनेत मंजूर झाली, तर त्या पॅकेजमध्ये येणाऱ्या उपचारासाठी रुग्णाकडून वेगळे पैसे घेण्यास रुग्णालयाला मनाई आहे, हेही लक्षात ठेवावे.

गोव्यात राहणाऱ्या वाचकांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे. किमान पाच वर्षांचे वास्तव्य असलेल्या तीन व्यक्तींपर्यंतच्या कुटुंबाला तिच्यात अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते.

दुसरा मार्ग धर्मादाय रुग्णालयांचा आहे. त्याची माहिती असलेली माणसे कमी आणि त्याचा लाभ घेणारी त्याहूनही कमी आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना यांनुसार राज्यातील चारशेहून अधिक धर्मादाय रुग्णालयांनी आपल्या दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवायच्या असतात. त्यासाठी प्रत्येक रुग्णालय आपल्या एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करते. वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर कुटुंब निर्धन आणि ३,६०,००० रुपयांपर्यंत असेल तर दुर्बल घटकात धरले जाते. मुंबई-पुण्यातील अनेक चकचकीत, वातानुकूलित, तारांकित हॉटेलासारखी दिसणारी रुग्णालये कागदोपत्री धर्मादाय न्यासच आहेत, तेव्हा इमारत पाहून निष्कर्ष काढू नये. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन भरतीपूर्वीच तेथील वैद्यकीय समाजसेवकाला भेटावे. ‘सध्या खाट रिकामी नाही’ हे उत्तर मिळाले, तर धर्मादाय आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर रुग्णालयनिहाय राखीव खाटांची स्थिती पाहावी आणि ती दाखवून पुन्हा विचारावे. दाखला मिळायला काही दिवस लागतात, म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधीच अर्ज केलेला बरा.

तिसरा मार्ग सरळ शासकीय रुग्णालयाचा. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत केसपेपरसह तपासण्या व उपचार मोफत आहेत. हर्निया, मोतीबिंदू किंवा प्रसूती यांसाठी जिल्हा रुग्णालयाचा विचारही न करता कर्ज काढणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. तेथील गर्दी खरी आहे, पण तेथे एकदा जाऊन विचारण्यास काही लागत नाही.

दुसरी पायरी: अंदाजपत्रक लेखी आणि फोड करून घ्या

वरीलपैकी कोणताही मार्ग लागू होत नसेल आणि खर्च स्वतः किंवा विम्यातून करायचा असेल, तर किमान दोन, शक्य झाल्यास तीन रुग्णालयांकडून लेखी अंदाजपत्रक घ्यावे. हे मागताना संकोच वाटतो, डॉक्टर रागावतील अशी भीती वाटते. पण वैद्यकीय व्यावसायिकांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनेच डॉक्टरांवर आपली फी आणि इतर आकार फलकावर लावण्याचे बंधन घातले आहे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीचे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारण्यात आले. त्यांनुसार रुग्णालयांनी रुग्ण हक्क सनद आणि खाटेचे भाडे, अतिदक्षता विभाग, डॉक्टरांची भेट, भूल, शस्त्रक्रियागृह, परिचर्या, ऑक्सिजन, तपासण्या अशा १५ बाबींचे दरपत्रक दर्शनी भागात लावायचे आहे. एक मर्यादा मात्र समजून घ्यावी: हे नियम दर दाखवायला सांगतात, दर किती असावेत हे ठरवत नाहीत. म्हणजे महाग दर लावणे हा नियमभंग ठरत नाही; दर न दाखवणे आणि दाखवलेल्याहून अधिक घेणे, यांविषयी आपण बोलू शकतो.

अंदाजपत्रक हातात आले की एकूण आकड्याकडे नंतर पाहावे. आधी त्यात खोलीचा वर्ग आणि दिवस, सर्जनची फी, सहायक सर्जन व भूलतज्ज्ञ यांची फी, शस्त्रक्रियागृहाचा आकार, शरीरात बसवायचे साहित्य, औषधे व कन्झ्युमेबल्स (हातमोजे, सिरिंज यांसारख्या एकदा वापरून टाकायच्या वस्तू) आणि तपासण्या या बाबी वेगवेगळ्या दाखवल्या आहेत का, ते पाहावे. ‘औषधे व इतर: प्रत्यक्ष खर्चानुसार’ अशी ओळ जवळपास प्रत्येक अंदाजपत्रकात असते आणि बिल फुगते ते बहुतांशी त्याच ओळीतून. तेव्हा अशाच शस्त्रक्रियेच्या गेल्या काही रुग्णांना औषधांचा खर्च साधारण किती आला, हे बिलिंग विभागाला विचारावे. त्यांच्या संगणकात तो आकडा असतो.

‘पॅकेज’ हा शब्द ऐकून हायसे वाटते, पण पॅकेजच्या बाहेर काय आहे याची यादी घेतल्याशिवाय त्याला अर्थ नाही. ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त मुक्काम, रक्त, दुसऱ्या विभागातील डॉक्टरांची भेट, मधुमेह किंवा रक्तदाबासाठी लागणारे वेगळे उपचार आणि महागडी प्रतिजैविके बहुधा बाहेर असतात. मधुमेह असलेल्या साठीच्या माणसाच्या बाबतीत या ‘बाहेरच्या’ गोष्टी अपवाद म्हणून येत नाहीत, त्या येणारच असे धरून चालावे आणि तसे स्पष्ट सांगूनच आकडा मागावा.

मिळालेला दर अवाच्या सवा आहे का, हे ताडण्यासाठी केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेची, म्हणजे सीजीएचएसची, दरयादी उपयोगी पडते. ती संकेतस्थळावर खुली आहे. खासगी रुग्णालयावर ती सामान्य रुग्णासाठी बंधनकारक नाही आणि तेवढ्याच दरात उपचार मिळतील अशी अपेक्षाही धरू नये. पण सरकार त्याच शस्त्रक्रियेला किती मोजते हे माहीत असले, की तिप्पट आणि सहापट यांतला फरक डोळ्यांना दिसतो. सवलत मागायची असेल तर ती बिलाच्या खिडकीवर न मागता डॉक्टरांकडे मागावी, कारण खिडकीवरचा माणूस दर ठरवत नाही आणि सर्जन आपल्या फीमध्ये सवलत देऊ शकतात. परिस्थिती मोकळेपणाने सांगितल्यावर फी कमी करणारे डॉक्टर आजही आहेत.

तिसरी पायरी: खोलीचा निर्णय सर्वांत विचारपूर्वक घ्या

खोलीचे भाडे ही बिलातील एक साधी ओळ आहे असे नवख्या माणसाला वाटते. ‘दिवसाला तीन हजारच जास्त आहेत, चार दिवसांचे बारा हजार, आईला जरा आराम मिळेल’ असा हिशेब करून सिंगल रूम घेतली जाते. मोठ्या खासगी रुग्णालयांत मात्र सर्जनची फी, शस्त्रक्रियागृहाचा आकार, भूलतज्ज्ञांची फी, डॉक्टरांची रोजची भेट आणि अनेक ठिकाणी रक्ताच्या तपासण्याही खोलीच्या वर्गाप्रमाणे बदलतात. जनरल वॉर्ड, ट्विन शेअरिंग, सिंगल आणि डिलक्स अशा चार रकान्यांचे दरपत्रक असते. शस्त्रक्रियागृह तेच, सर्जन तेच, टाके तेच. पण रकाना बदलला की प्रत्येक ओळीतला आकडा बदलतो. म्हणून अंदाजपत्रक एकाच वर्गाचे न घेता किमान दोन वर्गांचे शेजारी-शेजारी मागावे, म्हणजे त्या बारा हजारांमागे लपलेले साठ-सत्तर हजार आधीच दिसतील.

विमा असेल तर हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. अनेक जुन्या पॉलिसींमध्ये खोलीभाड्याला विमा रकमेच्या एक टक्का अशी मर्यादा असते. समजा, पाच लाखांची पॉलिसी आहे, म्हणजे रोज ५,००० रुपयांपर्यंतची खोली मान्य आहे, आणि कुटुंबाने ८,००० रुपयांची खोली चार दिवस घेतली. खोलीच्या ३२,००० रुपयांपैकी कंपनी २०,००० देईल, हे सर्वांना समजते. पण सर्जनची फी, शस्त्रक्रियागृह, भेटी वगैरे मिळून १,६०,००० रुपये झाले असतील, तर तेही आठास पाच या प्रमाणातच, म्हणजे १,००,००० रुपयेच, मंजूर होतील. १२,००० आणि ६०,००० मिळून ७२,००० रुपये खिशातून जातील. यालाच प्रमाणशीर कपात म्हणतात.

या कपातीलाही मर्यादा आहेत. विमा नियामक प्राधिकरणाने २०२० मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार औषधे, कन्झ्युमेबल्स, शरीरात बसवलेले साहित्य, तपासण्या आणि अतिदक्षता विभागाचा आकार यांना ही कपात लावता येत नाही. तसेच जे रुग्णालय खोलीच्या वर्गानुसार वेगळे दर लावतच नाही, तेथेही ती लावता येत नाही. तालुक्याच्या गावातील लहान रुग्णालयांत बऱ्याचदा सर्व वर्गांना एकच फी असते. अशा ठिकाणी ‘आमच्याकडे खोलीनुसार दर बदलत नाहीत’ असे रुग्णालयाच्या छापील कागदावर लिहून घ्यावे आणि दाव्यासोबत जोडावे. एका नातेवाइकाची सत्तावीस हजारांची कपात या एका पत्रामुळे परत मिळाली होती. याशिवाय, अतिदक्षता विभाग सोडून दिवसाला ५,००० रुपयांपेक्षा अधिक भाड्याच्या खोलीवर जुलै २०२२ पासून पाच टक्के जीएसटी लागतो, हेही खोली निवडताना ध्यानात ठेवावे.

विमा कंपनी ज्यांचे पैसे देतच नाही, अशा ६८ वस्तूंची यादी पॉलिसीच्या शेवटी जोडलेली असते. डायपर, क्रेप बँडेज, थर्मामीटर, मानेचा पट्टा यांसारख्या या वस्तू बाहेरच्या मेडिकलमधून आधीच आणून ठेवल्या तर स्वस्त पडतात. मात्र तसे चालेल का, हे वॉर्डच्या सिस्टरना आधी विचारावे.

चौथी पायरी: शरीरात काय बसवणार, त्याचे नाव आणि किंमत विचारा

हृदयाच्या रक्तवाहिनीतील स्टेंट आणि गुडघ्याचा कृत्रिम सांधा यांच्या कमाल किमती सरकारने ठरवून दिलेल्या आहेत, ही माहिती असूनही अनेकजण प्रत्यक्ष वेळी विचारायचे विसरतात. राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधी लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये आणि साध्या धातूच्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, तोवर दीड लाखाच्या आसपास विकला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा संपूर्ण गुडघा ५४,७२० रुपयांवर आणण्यात आला. हे आकडे तेव्हाचे आहेत. कमाल किमती वेळोवेळी बदलतात आणि त्यांवर जीएसटी वेगळा लागतो, त्यामुळे चालू दर प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर किंवा ‘फार्मा सही दाम’ या ॲपवर पाहावा.

किमतीवर बंधन आल्यानंतर काही ठिकाणी शस्त्रक्रियागृहाचा आकार किंवा प्रक्रियेची फी वाढली, ही तक्रार पुष्कळ ऐकू येते. म्हणूनच सांध्याची किंमत आणि उरलेला खर्च हे दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून मागावेत. स्टेंटच्या बाबतीत त्याची किंमत, ब्रँड, उत्पादक किंवा आयातदार आणि बॅच क्रमांक बिलात स्वतंत्रपणे दाखवणे रुग्णालयाला बंधनकारक आहे. वेष्टनावरचे स्टिकर केसपेपरवर चिकटवलेले असते. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. लेन्स, हर्नियाची जाळी, हाडात बसवायची पट्टी यांच्याविषयीही ‘भारतीय आणि आयात अशा दोन्हींचे दर सांगा आणि फरकाचा आम्हाला नेमका काय फायदा होईल ते सांगा’ असे विचारण्यात काही गैर नाही.

पाचवी पायरी: मुक्कामात वही ठेवा

एक साधी दोनशे पानी वही आणि पेन घेऊन जावे. कोणते डॉक्टर किती वाजता येऊन गेले, रक्त कधी घेतले, ऑक्सिजन कधी लावला आणि कधी काढला, औषधांचा कोणता पुडा आला, हे रोज लिहावे. माझ्या वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी एका रुग्णालयाच्या बिलात चार दिवसांत आहारतज्ज्ञांच्या सात भेटी लागल्या होत्या आणि वहीत एकच होती. वही पुढे ठेवल्यावर वाद न होता सहा भेटी वगळल्या गेल्या. वही नसती तर आमच्या आठवणीवर कोणी कशाला विश्वास ठेवला असता?

औषधांच्या बाबतीत अधिक जागरूक राहावे लागते. दिल्ली परिसरातील चार मोठ्या खासगी रुग्णालयांची बिले राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने तपासली, तेव्हा औषधे, कन्झ्युमेबल्स आणि तपासण्या यांचा वाटा बिलाच्या ४६ टक्के निघाला आणि काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत आढळला. हा अहवाल फेब्रुवारी २०१८ चा आहे. एमआरपीपेक्षा जास्त पैसे कोणी घेत नसतानाही हे घडते, कारण एमआरपीच फुगवून छापलेली असते. रुग्णालय ती वस्तू घाऊक भावात कितीला घेते हे आपल्याला दिसत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत औषधे आणि तपासण्या कोठून घ्यायच्या हे ठरवण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. रुग्णालयाच्या मेडिकलचीच सक्ती होत असेल, तर किमान ‘हेच औषध दुसऱ्या ब्रँडमध्ये चालेल का’ असे डॉक्टरांना विचारता येते. शस्त्रक्रियागृहातील आणि अतिदक्षता विभागातील औषधांविषयी मात्र हट्ट धरू नये, कारण तेथे बाहेरून आणलेल्या वस्तूच्या साठवणुकीची जबाबदारी कोणी घेऊ शकत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्या भरतीआधी बाहेरून करून घेतल्या तर बऱ्याचदा निम्म्या खर्चात होतात, परंतु त्या प्रयोगशाळेचा अहवाल चालेल असे सर्जनकडून आधी वदवून घ्यावे, नाहीतर तीच तपासणी दोनदा होते. एखाद्या ठरावीक केंद्रातच एमआरआय करण्याचा आग्रह असेल तर कारण विचारावे. कारण कधी यंत्राच्या दर्जाचे असते, कधी ‘कट’चे.

बिलिंग विभागाकडून दर दोन दिवसांनी चालू बिलाची प्रत मागत राहावी. पैसे भरा असे सांगणारा कागद पुरेसा नाही. आजवरच्या सर्व नोंदी असलेली प्रत हवी.

सहावी पायरी: डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी बिल वाचा

डिस्चार्जच्या दिवशी घरी जाण्याची घाई असते, रुग्ण कपडे बदलून बसलेला असतो, खाली रिक्षा उभी असते आणि अशा वेळी कोणीही बिल वाचत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळीच तपशीलवार बिल मागावे. दोन पानांचा गोषवारा आणि वीस पानांचे तपशीलवार बिल यांत फरक असतो, दुसरेच हवे. त्यात पुढील गोष्टी वहीशी ताडून पाहाव्यात: एकच तपासणी दोनदा लागली आहे का, न वापरलेली औषधे परत केल्याची वजावट आली आहे का, डॉक्टरांच्या भेटींची संख्या जुळते का, ऑक्सिजन आणि मॉनिटरचे तास बरोबर आहेत का. ज्या दिवशी रुग्णाला अतिदक्षता विभागातून वॉर्डात हलवले, त्या दिवसाचे भाडे दोन्हीकडे लावलेले असू शकते. ती नोंद विशेष पाहावी. खोलीचा दिवस दुपारी बाराला संपतो की चोवीस तासांनी, हे आधीच विचारून ठेवले तर डिस्चार्ज एका तासाने लांबल्यामुळे लागणारे पूर्ण दिवसाचे भाडे टळते.

कॅशलेस विम्यात तासन्तास थांबावे लागते, हा सर्वांचा अनुभव आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या पहिल्या मंजुरीचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत देणे विमा कंपनीला बंधनकारक आहे. त्याहून उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा असतो. रुग्णालयाने कागद किती वाजता पाठवले, ही वेळ टीपीए डेस्कवर, म्हणजे रुग्णालयातील विम्याचे काम पाहणाऱ्या खिडकीवर, लिहून घ्यावी, म्हणजे उशीर कोणाकडून झाला हे पुढे सांगता येईल.

बिलाची फोड होऊन ती कोणी त्रयस्थाने तपासली तर काय घडू शकते, ते करोनाच्या काळात राज्याने पाहिले आहे. मे २०२० मध्ये सरकारने खासगी रुग्णालयांतील दिवसाचे दर वॉर्डसाठी ४,०००, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये असे बांधून दिले, महापालिकांनी लेखापरीक्षक नेमले आणि अनेक कुटुंबांना जादा घेतलेली रक्कम परत मिळाली. ती व्यवस्था आता नाही. लेखापरीक्षकाचे काम आपल्यालाच करावे लागते.

तातडीचा प्रसंग असेल तर

अपघातात किंवा हृदयविकाराच्या झटक्यात वरील पायऱ्यांना वेळ नसतो आणि तेथे दरांची तुलना करत बसणे धोक्याचेही आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे. जीव वाचवण्यासाठी लागणारा प्राथमिक उपचार पैशांसाठी अडवता येत नाही, आणि धर्मादाय रुग्णालयाने तर तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घ्यायचे असते. रुग्ण स्थिर झाल्यावर, साधारण दुसऱ्या दिवशी, घरातील एकाने शांतपणे बसून पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी: आरोग्यमित्र, समाजसेवक, विम्याची सूचना, आणि परवडत नसेल तर दुसऱ्या रुग्णालयात हलवण्याविषयी डॉक्टरांचे मत.

काही चुकले तर कोणाकडे जावे

प्रथम रुग्णालयाच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तेथे दाद न मिळाल्यास शहरात महापालिकेचे आरोग्य अधिकारी आणि ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याकडे, धर्मादाय रुग्णालयाविषयी धर्मादाय आयुक्तांकडे, औषध किंवा स्टेंटच्या किमतीविषयी औषध मूल्य प्राधिकरणाच्या १८०० १११ २५५ या क्रमांकावर आणि विम्याविषयी आधी कंपनीकडे व नंतर विमा लोकपालाकडे जाता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निर्णयानंतर पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही. कोणत्याही तक्रारीसाठी केसपेपर लागतात. ते लेखी मागितल्यापासून ७२ तासांत देण्याचे बंधन डॉक्टरांवर आहे. बिलाचा वाद मिटला नाही म्हणून रुग्णाला किंवा मृतदेह अडवून ठेवणे रुग्ण हक्क सनदेच्या विरुद्ध आहे. तसे घडल्यास अर्ज-विनंत्यांत वेळ न घालवता पोलिसांना कळवावे.

घरी आल्यानंतरचा खर्च

डिस्चार्ज कार्डावर लिहिलेली औषधे महिनोन्महिने चालू राहतात, आणि रक्तदाब, मधुमेह किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांचा वर्षाचा खर्च जोडला तर तो कधीकधी शस्त्रक्रियेच्या बिलाच्या जवळ जातो. डॉक्टरांना औषधाचे मूळ नावही ठळक अक्षरांत लिहायला सांगावे. जनऔषधी केंद्रात तीच औषधे बाजारातील ब्रँडपेक्षा ५० ते ९० टक्के स्वस्त मिळतात आणि ‘जनऔषधी सुगम’ या ॲपवर जवळचे केंद्र व औषधाची किंमत पाहता येते. गोळी बदलण्यापूर्वी मूळ नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही तंतोतंत जुळतात ना, हे पाहावे. फिट येऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या आणि थायरॉईडच्या गोळ्या यांचा ब्रँड डॉक्टरांना न विचारता बदलू नये.

विमा असेल तर भरतीआधीच्या तपासण्यांची आणि घरी आल्यावरच्या औषधांची बिलेही ठरावीक दिवसांपर्यंत मिळतात, बहुतेक पॉलिसींमध्ये आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस. त्यासाठी प्रत्येक बिलासोबत डॉक्टरांची चिठ्ठी लागते. मेडिकलवाल्याकडून रुग्णाच्या नावाचे छापील बिल घेऊन त्याच दिवशी त्या वहीत ठेवावे. थर्मल कागदावरची अक्षरे दोन महिन्यांत उडून जातात, म्हणून त्याची झेरॉक्सही सोबत लावावी.